मुदत दरवर्षी वाढते

आमच्या घरी दिवाळी करत नाहीत, दिवाळी अंक मात्र दोन-तीन येतात. माझे मिस्टर एसटीत कंडक्टर होते. निवृत्त झाल्यापासून ते अंकातल्या जाहिरातीसुद्धा सोडत नाहीत. त्यामुळे या अंकाच्या संपादकांचा फोन आला तेव्हा माझ्यापेक्षा त्यांनाच जास्त आनंद झाला. संपादक म्हणाले, "ताई, मालेगावसारख्या ठिकाणी बसून तुम्ही इतकी वर्षं ब्लॉग चालवता. तुमची यशोगाथा लिहून द्या." मी म्हटलं, यशोगाथा नाही, फजिती आहे, चालेल का?  ते म्हणाले, "चालेल, पण शेवट गोड करा." साखरेचा डबा माझ्या हातात नाही असं मी त्यांना सांगितलं, तरी त्यांनी लेख मागितला. तेव्हा हा लेख त्यांच्या जबाबदारीवर.

आमचं मालेगाव म्हणजे वाशीम जिल्ह्यातलं, मालेगाव जहांगीर. नाशिककडचं नव्हे. हे वाक्य मी आयुष्यात जितक्या वेळा म्हटलं असेल तितकं स्वतःचं नावसुद्धा सांगितलं नसेल.

इथल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी वीसेक वर्षं लिपिक होते. माझी जागा खिडकीत. खिडकीबाहेर जून-जुलैत पोरं आणि त्यांचे आईबाप, आणि सगळ्यांचा प्रश्न एकच, "बाई, कोनते कागद लागतात?" मी यादी सांगायची, लोक मान हलवायचे, आणि दुसऱ्या दिवशी एक कागद कमी घेऊन यायचे. एका कागदासाठी परत गावाला जायचं म्हणजे दिवस मोडला, मजुरी मोडली. मी खिडकीशेजारच्या फळ्यावर यादी लिहून ठेवू लागले. ती पोरं पाठ टेकून पुसून टाकायची. शेवटी एक सहकारी वैतागून म्हणाले, "मॅडम, तुम्ही हे नेटवर का टाकत नाही? तिथं कोणी पाठ टेकत नाही."

त्याआधी माझा एक ब्लॉग होता, हे मी त्यांना सांगितलं नाही. त्यात मी माझ्या मनातलं काही काही लिहीत असे. त्याला नऊ वाचक होते. सहा नातेवाईक, दोन वेळा मी स्वतः, एकदा मोबाइलवरून आणि एकदा कॉलेजच्या कॉम्प्युटरवरून, आणि नववा कोण होता ते अजून कळलेलं नाही. त्या नवव्या माणसासाठी मी वर्षभर लिहिलं. आजही वाटतं की तो कुठेतरी भेटावा आणि मी त्याला चहा पाजावा.

नव्या ब्लॉगचं नाव मी 'कोणते कागद लागतात' असंच ठेवलं. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, रहिवासी, शिष्यवृत्ती, वसतिगृह. प्रत्येकाचं एक पान. नाव इतकं साधं की मिस्टर म्हणाले, "हे काय नाव झालं? दुकानाच्या पाटीवर 'किराना' लिवल्यावानी." पण लोक नेटवर तेच शब्द लिहून शोधायचे, आणि मी सापडायचे. दोन वर्षांत असं झालं की मानोऱ्यापासून रिसोडपर्यंतची पोरं फॉर्म भरायच्या आधी मला वाचत होती. नोकरी सुटल्यावर तर हेच माझं पूर्णवेळचं काम झालं.

ज्यांना या धंद्याची कल्पना नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. ब्लॉगवाल्याकडे वाचक आपल्या पायांनी येत नाही. तो आपला प्रश्न मोबाइलमध्ये लिहितो, मोबाइल त्याला दहा दारं दाखवतो, आणि तो पहिल्या-दुसऱ्या दारात शिरतो. आठव्या दारात कोणी जात नाही. म्हणून सगळी धडपड वरच्या दारात उभं राहायची. शिरलेला माणूस पहिल्या तीन ओळी वाचून निघून जातो, म्हणून जे सांगायचं ते तीन ओळींत. आणि पान जुनं दिसलं की ते खाली घसरतं, म्हणून दरवर्षी जूनमध्ये जुन्या पानावरचं साल बदलायचं, दोन वाक्यं इकडची तिकडे करायची आणि आजची तारीख घालून पुन्हा टाकायचं. शिळ्या कढीला ऊत आणायचा हा प्रकार सगळे ब्लॉगवाले करतात. मीही करत होते, आणि त्यात काही वावगं आहे असं मला वाटत नव्हतं.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची. धनज गावचे एक काका होते, त्यांना पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायचा होता. ते दर वर्षी ठरल्याप्रमाणे मला फोन करून भांडायचे. "बाई, मी जित्ता हाय हे मी सोता सांगून राह्यलो, मंग कागद कायले पायजे?"

मी म्हणायची, "काका, नियम आहे."

"नियम मेल्यायले लावा नं. जित्त्यायले काहून तरास?" मग तेच हसायचे आणि विचारायचे, "बरं, कोनता कागद लागते थे सांग."

एकदा एकानं माझा अख्खा ब्लॉग उचलून स्वतःच्या नावानं टाकला. इतका आळशी चोर, की 'आमच्या मालेगावच्या खिडकीवर' हे वाक्यसुद्धा त्यानं तसंच ठेवलं. वर त्यानंच मला कळवलं, की तुमच्या ब्लॉगवर माझा मजकूर दिसतो, दोन दिवसांत काढा. चोराच्या उलट्या बोंबा! मी त्याला एवढंच विचारलं, की तुमच्या खिडकीला गज किती होते? उत्तर आलं नाही.

आकडे पडणं हे तर नेहमीचंच. शोधयंत्रवाले आपल्या मनानं काही बदल करतात आणि एका सकाळी आपले निम्मे वाचक नाहीसे होतात. पहिल्यांदा असं झालं तेव्हा मी दोन दिवस नीट जेवले नाही. मिस्टर म्हणाले, "अवो, गाडीत पाच मान्सं असले म्हनून कंडक्टर गाडी सोडत नाई का? घंटी मारतोच नं?" तेव्हापासून मी एक पथ्य लावून घेतलं. आकडा सकाळी उठल्याउठल्या पाहायचा नाही, चहा झाल्यावर पाहायचा. या पथ्यानं बरंच काम भागलं. अपयश कसं ओळखायचं आणि कसं पचवायचं हे मला आता कळतं, अशी माझी समजूत झाली. आकडा खाली आला की अपयश, वर गेला की यश. इतकं सोपं.

आता मुख्य गोष्ट.

अकोल्याच्या मुलींच्या वसतिगृहाच्या पानावर माझी एक ओळ होती. वरून तिसरीच. 'घाबरू नका. मुदत दरवर्षी वाढते.' ती ओळ मी मनापासून लिहिली होती. खिडकीत बसून मी शेवटच्या तारखेला रडणाऱ्या पोरी पाहिल्या होत्या. दाखला निघालेला नाही, गाडी चुकली, बाप शेतात. अशा पोरीला मी म्हणायची, "रडू नको, मुदत वाढते." आणि ती वाढायचीच. एखादी गोष्ट सात-आठ वर्षं लागोपाठ झाली की आपल्याकडे तिचा नियम होतो. शेवटची तारीख म्हणजे खरी शेवटची तारीख नव्हे, हे आमच्या भागात शाळकरी पोराला पण माहीत असतं. मी ते फक्त लिहून काढलं.

दर वर्षी पान ताजं करण्याआधी मी त्या वसतिगृहात फोन करून विचारत असे. त्या वर्षी जूनमध्ये नणंदेच्या मुलीचं लग्न होतं. पाहुणे, आंदण, जेवणाची यादी. फोन राहिला. मी साल बदललं, तारीख बदलली आणि पान टाकून दिलं.

ते पान असं काही धावलं की विचारू नका. व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपमधून ग्रुपमध्ये. माझ्या ब्लॉगच्या सगळ्या जन्मात एवढे वाचक एका दिवसात आले नव्हते. मी मिस्टरांना आकडा दाखवला. त्यांनी स्टँडवरून गरम समोसे आणले. आम्ही दोघांनी ते अंगणात बसून खाल्ले, आणि मला फार बरं वाटलं.

त्याच आठवड्यात पानाखाली एक कॉमेंट आली. 'मॅडम आज शेवटची तारीक हाय. आज पेरनी चालू हाय बाबा उद्या मानोऱ्याले फार्म भराले नेतो म्हनतात. उद्या चालन का. मुदत वाढन ना.' खाली नाव, सविता, आणि मोबाइल नंबर. नंबर असे उघड्यावर लिहू नका म्हणून मी शंभरदा सांगितलंय, कोणी ऐकत नाही.

मी भाकरी थापत होते. एका हाताला पीठ. दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं मी लिहिलं, 'हो बेटा, दरवर्षी वाढते. काळजी करू नको.' तव्यावरची भाकरी उलटायच्या आत माझं उत्तर गेलंसुद्धा.

तीन दिवसांनी त्याच नावानं दुसरी कॉमेंट आली. 'मॅडम, वाढली नाही.'

एवढंच. शिवी नाही, तक्रार नाही. मी तेव्हा वसतिगृहात फोन लावला. तिथल्या बाई सरळपणे म्हणाल्या, या वर्षी अर्ज भरपूर आले, मुदत वाढवायची गरज पडली नाही. तारीख तर महिनाभर आधीपासून लावलेली होती. त्यांचं काहीच चुकलं नव्हतं.

त्यानंतर मी जे केलं त्याची मला आजही लाज वाटते. मी ती ओळ काढून टाकली. सविताच्या दोन्ही कॉमेंट काढल्या, माझं उत्तरही काढलं. कागदावर खोडलं तर निदान खूण राहते, वरून सही करावी लागते. वीस वर्षं मी तेच केलं होतं. ब्लॉगवर काहीच उरत नाही. पान पुन्हा स्वच्छ. मी कधी काही बोललेच नव्हते!

पण घरात एक माणूस जाहिरातीसकट सगळं वाचणारा. संध्याकाळी मिस्टर मोबाइल डोळ्यांजवळ धरून म्हणाले, "इथं एक ओळ होती नं? घाबरू नका म्हनून?"

"काढली."

"काहून?"

मग मी सांगितलं. त्यांनी मोबाइल खाली ठेवला. माझा स्वभाव असा की कोणी रागावलं तर मी दुप्पट रागावते, पण ते रागावलेच नाहीत. ते म्हणाले, "स्टँडवर मान्सं इचारतात, गाडी कधी येईन? ज्याले माईत नाई थो बी म्हनते, येऊनच राह्यली. मंग मानूस दुसरी गाडी सोडते नं बसून राह्यते. मी नोकरीत दोन गोष्टी कधी केल्या नाई. एक, तिकीट देल्याबिगर पैशे नाई घेतले. नं दुसरं, माईत नसल्यावर येऊनच राह्यली नाई म्हनलं." मग त्यांनी विचारलं, "कोनतं गाव हाय त्या पोरीचं?"

कॉमेंट मी काढली होती, पण तिची एक प्रत माझ्या ईमेलमध्ये आपोआप येऊन पडलेली होती. त्यात नंबर होता. मी फोन लावला. पोरीनंच उचलला. मी कोण ते सांगितलं. मी म्हटलं, "मी तुझ्या घरी येऊ का?"

"कायले?"

"भेटायला."

"या मंग," ती म्हणाली. त्या आवाजात राग नव्हता, उत्सुकताही नव्हती.

मालेगावहून वाशीम, वाशीमहून मंगरूळपीर, तिथून मानोरा, आणि मानोऱ्याहून ऑटोनं तांड्यावर. मिस्टर सगळा वेळ खिडकीतून पेरण्या बघत होते. मी मनातल्या मनात काय बोलायचं ते जुळवत होते, आणि प्रत्येक वाक्य ब्लॉगसारखं वाटत होतं.

सविता अंगानं बारीक, केस तेल लावून घट्ट बांधलेले. बारावीला चांगले मार्क होते. अकोल्याच्या कॉलेजात बीएस्सीला तिचा नंबर लागला होता, पण राहायची सोय झाली तरच बाप पाठवणार होता. घरातली माणसं दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात ती उन्हाळ्यातच परत येतात. बारावीपर्यंत आजी सोबतीला होती, ती आता राहिली नव्हती. मधले महिने तांड्यावर पोरगी एकटी कशी ठेवायची? वसतिगृह मिळालं तर कॉलेज, नाही तर सगळ्यांबरोबर उसाला. इतका सरळ हिशेब होता, आणि तो मी भाकरी उलटता उलटता चुकवला होता.

तिच्या आईनं चहा दिला. पोरीनं "याडी, साखर कमी" असं आईला सांगितलं, कारण मिस्टरांनी आधी सांगून ठेवलं होतं. परक्या माणसाची साखरसुद्धा लक्षात ठेवणारी ती पोरगी पाहून मला जास्तच मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी जुळवलेलं सगळं विसरले आणि म्हटलं, "चूक माझी आहे."

सविताचे वडील खाटेवर बसले होते. ते शांतपणे म्हणाले, "तुमाले माईत होतं का, मुदत वाढन म्हनून?"

"नाही. दरवर्षी वाढते म्हणून वाटलं."

"म्हंजे माईत नवतं."

"नव्हतं."

"मंग लिवलं काहून?"

 वीस वर्षं खिडकीत बसले, त्यानंतर इतकी वर्षं ब्लॉगवर लोकांच्या प्रश्नांची उत्तरं दिली, पण एवढ्या साध्या प्रश्नाला मी निरुत्तर झाले. मिस्टरांनीही मला सोडवलं नाही. 

मग सविताच्या वडिलांनीच सांगितलं. शेजारच्या घरातली शारदा सविताच्याच वर्गातली. तिच्या घरी तेव्हा फोन बंद पडला होता, म्हणून ती बापाबरोबर अकोल्याला जाऊन वसतिगृहात समक्ष विचारून आली. तिथल्या बाईंनी सांगितलं, आजच भरून टाक. ती भरून आली. "सवितानं तिले सांगतलं, मुदत वाढते, घाई कायले करतं? हे हुशार. हिच्याजवळ मोबाइल." ते किंचित हसले. "जिच्याजवळ मोबाइल नवता तिचं काम झालं, बाई."

मी म्हटलं, सविताला माझ्या घरी राहू द्या. मालेगावहून वाशीमला दिवसभर गाड्या आहेत, तिथल्या कॉलेजात बघू. मुलगी म्हणून ठेवीन. बोलताना मला खरंच वाटत होतं की ही फार मोठी आणि चांगली गोष्ट मी बोलते आहे. तेव्हा सविताची आई पुढे आली. ती म्हणाली, "तुमी चांगल्या असान. पन आमी तुमाले वळखत नाई. न वळखता भरोसा ठेवला, थे एक डाव बस झालं."

त्यांचं म्हणणं रास्त होतं. त्या दिवशी मला राग यायला एकही जागा सापडली नाही.

पुढच्या आठवड्यात मी सविता आणि तिच्या वडिलांना घेऊन वसतिगृहात गेले. काही जागा उरली असेल, कोणी सोडली असेल. तिथल्या बाईंनी यादी उघडून दाखवली. प्रतीक्षेतसुद्धा बऱ्याच मुली होत्या. मग त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, "ताई, तो ब्लॉग तुमचा का? उशिरा आलेल्या सात-आठ मुलींनी मला त्याच ओळीचा फोटो दाखवला. सगळ्यांना परत पाठवावं लागलं." सविता माझ्याशेजारीच उभी होती. तिनं हे ऐकलं. मी एका पोरीचं समजून आले होते.

त्या दिवाळीनंतर सविता आईवडिलांबरोबर उसाला गेली.

मी काय केलं ते सांगते, पण त्यानं काही भरून निघालं असं मी म्हणत नाही. आमच्या घरात शिक्षणाच्या कागदाला फार मान. माझे वडील शेतमजूर होते, आणि माझी दहावीची मार्कशीट ते बुद्धवंदनेच्या पुस्तकात ठेवायचे. त्या घरातल्या मुलीनं पोरींचं शिक्षण अडवावं, ही गोष्ट मला झोपेतसुद्धा टोचत होती. मी पंधरा दिवस ब्लॉग बंद ठेवला. कायमचाच बंद करणार होते. धनजच्या काकांचा फोन आला, "बंद केलं काहून?" मी म्हटलं, तुमचा दाखला तर झाला ना? "झाला नं. मंग काय झालं? तुह्यं वाचून मी दुसऱ्यायले सांगत असतो, बाप्पा!" मी त्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मंग खरं खरं लिव. बंद करून त्या पोरीले काय भेटते?"

मी ब्लॉग उघडला आणि सगळ्यात आधी चूक लिहिली. काढून टाकलेली ओळ पुन्हा लिहून, माझ्यामुळे कोणाकोणाची मुदत चुकली ते सांगून, स्वतःच्या नावानं. ती चुकीची ओळ हजारोंनी पुढे पाठवली होती. हे पान मोजक्या लोकांनी उघडलं. खाली तीन कॉमेंट आल्या, तिन्ही सारख्या, 'खूप छान माहिती मॅडम.' मी हसावं की रडावं? मिस्टर मात्र खो खो हसले, आणि मग मीही हसले. अपयशाबरोबर राहायचं तर घरात असं एक माणूस पाहिजे.

पानं ताजी करायचा धंदा मी सोडला. आता प्रत्येक पानावर दोन भाग असतात. पहिला, 'हे मला माहीत आहे', आणि त्याखाली कोणाला विचारलं, कोणत्या दिवशी विचारलं. दुसरा, 'हे मला माहीत नाही, तुम्ही जाऊन विचारा', आणि तिथला पत्ता. हा दुसरा भाग पुष्कळदा पहिल्यापेक्षा मोठा असतो. लोकांना हे आवडत नाही. माणूस मोबाइलकडे धीर मागायला येतो, आणि मी म्हणते, मला माहीत नाही. वाचक घटले, आणि घटतच आहेत. वरच्या दारातून मी आता सातव्या-आठव्या दारात आले आहे. धंद्याच्या भाषेत याला बुडणं म्हणतात. सकाळी चहा झाल्यावर मी अजूनही आकडा पाहते आणि मला वाईट वाटतं, हे खोटं कशाला सांगू? पण त्या समोशांच्या दिवशी आकडा सगळ्यात वर होता, हेही तेव्हा आठवतं, आणि मग मी कामाला लागते.

सविताला मी त्यानंतर फोन केला नाही. करावासा रोज वाटायचं. उसाच्या फडात तिचा फोन वाजेल, ती नंबर बघेल, आणि मग? माझी हिंमत झाली नाही. पुढच्या जूनमध्ये तिचाच आला.

"म्याडम, फार्म भरला."

"कधी?"

"पयल्याच दिवशी. बाबा नं मी अकोल्याले जाऊन आलो. तुमच्या ब्लॉगवर पाह्यलं नाई, हां. हापिसात जाऊन इचारलं." मग तिनंच विचारलं, "राग आला का तुमाले?"

"नाही गं. बरं केलंस."

"भरोसा नवता नं," ती म्हणाली आणि हसली. मला तेवढं लगेच हसता आलं नाही. कोयता धरून तिच्या हाताला घट्टे पडले होते, ते फॉर्म भरताना पेनाला लागले, असंही तिनं सांगितलं, अगदी सहज, हवापाण्याचं बोलावं तसं. जुलैत पुन्हा फोन आला. वसतिगृहात आणि कॉलेजात, दोन्हीकडे नंबर लागला होता.

सविता आता बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला आहे, शारदा दुसऱ्या. दोघी एकाच खोलीत राहतात. मागच्या आठवड्यात सविता फोनवर म्हणाली, "शारदाचीच मांगल्या सालची पुस्तकं भेटली मले, म्याडम. एक बी नवं घ्या लागलं नाई. याडी तर लय खुश हाय." मी म्हटलं, "हो का? छान झालं." मागल्या साली ती पुस्तकं दोघींनी मिळून वाचायची होती.